लिंबू हलणार नाही

मशीनवाल्यानं कपडे धुण्याच्या मशीनचं मागचं झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "काकू, ड्रम कुठाय?"

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा, म्हणजे ज्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणते तो, गॅलरीकडं बघत होता. गॅलरीत तो चकचकीत ड्रम विटांवर ऐटीत बसला होता आणि त्यात लिंबाचं झाड.

"मोटार जळाली म्हणालात ना?" काकू कडाडल्या.

"वास आला होता तसा."

"मोटार ठणठणीत आहे," आतलं डोकं म्हणालं. "वायर उंदरानं कुरतडलीय."

सगळी भानगड सुरू झाली ती कुंडीपासून. लिंबू मिस्त्रीनं बी टाकून वाढवलेलं, रंगाच्या जुन्या बादलीत. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली, झाड कसं मजेत होतं. मग काकूंच्या थोरल्या बहिणीनं निळीशार, गुळगुळीत कुंडी भेट दिली आणि काकूंनी हौसेनं झाड तिच्यात हलवलं. कुंडीला खाली भोकच नाही! पाणी तुंबलं, पानं पिवळी पडून गळायला लागली. मिस्त्रीनं मातीत बोट घातलं तर नुसता चिखल, आणि वास गटाराचा.

"अगं, मुळं कुजतायत. त्यांनाही हवा लागते. एवढं एक भोक पाडू दे."

"ताईच्या कुंडीला? आधी माझ्या डोक्याला पाडा!"

तेवढ्यात मशीन बंद पडलं, मोटार जळाली म्हणत मिस्त्रीनं ते खोललं आणि त्याला ड्रम दिसला. अंगभर भोकं! त्यानं कुजकी मुळं छाटली, ड्रमला आतून गोणपाट लावलं, भुसभुशीत माती भरली. झाडानं बघता बघता कोवळी पानं फोडली.

"आत्ताच्या आत्ता ड्रम रिकामा करा," मशीनवाल्यासमोरच काकूंनी फर्मावलं.

"नाही. आता परत उपटलं तर मरेल ते. लिंबू हलणार नाही."

"आणि कपडे?"

"मी धुतो!"

"चादरी?"

"चादरी पण!"

"पडदे?"

मिस्त्रीनं खिडकीवरच्या जाड पडद्यांकडं एकदा पाहिलं. "पडदे पण!"

मशीनवाल्यानं गुपचूप झाकण लावलं आणि सटकला. शहाणा माणूस.

मिस्त्री शब्दाला जागला. चादर बादलीत मावेना, म्हणून ती निळी कुंडी घेतली. थेंब गळत नव्हता, भिजत घालायला एक नंबर! लिंबाला कळ्या आल्या. मिस्त्रीच्या खांद्यांना मात्र ठणका लागला. पण माघार घेईल तर तो मिस्त्री कसला.

मग एके दिवशी थोरली बहीण आली आणि दारातच किंचाळली, "अगं बाई! माझ्या कुंडीत पायजमे?"

"भोक नाही ना तिला," मिस्त्री पिळता पिळता म्हणाला. "लई उपयोगी पडते."

"शोभतं का हे या वयात? अगं, मी नवा ड्रम घालून देते तुमच्या मशीनला. झाड राहू दे तिथंच."

मिस्त्रीचे डोळे चमकले. हातातला पायजमा गळून पडला. झाड वाचलं, खांदे वाचले आणि वर नाकही वाचलं! तो तोंड उघडणार, तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला. काकू पाय पसरून चहा पीत होत्या.

"खबरदार ताई, ड्रम आणलास तर!" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कॉलर स्वच्छ निघतायत."