पूजेतून सुटलेली पेन्सिल

कोप्पा गावच्या जलजाक्षम्मांचं पत्र श्रीकंठय्यांच्या खणात सात महिने पडून होतं. "तुमच्या कारखान्याचा कॉफीचा फिल्टर घेतला. वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसतं, की सोडवायला रोज शेजारच्या शेषगिरींना बोलवावं लागतं. ते सोडवतात आणि कॉफी पिऊनच जातात. काय करू?"

उत्तर सोपं होतं. पण श्रीकंठय्या पहिल्याच शब्दाला अडत. बाईंना 'आदरणीय' लिहावं की 'माननीय'? शेजाऱ्याचं नाव काढलं तर चोंबडेपणा होईल का? अकरा खर्डे झाले, अकराही फाटले. म्हैसूरच्या त्या कारखान्यात टपालाचं टेबल ते एकतीस वर्षं सांभाळत होते. खिडकीजवळची खुर्ची आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला एक पुस्तक, एवढंच त्यांचं जग.

मालकांची मुलगी सिंचना नऊ वर्षांनी परदेशातून परतली ती बेचाळीस पानांचं धोरण घेऊनच. प्रत्येकाला एकेक प्रत देऊन ती म्हणाली, "हे नुसतं वाचायचं नाही. हे आपलं सगळ्यात मोठं हत्यार आहे, चालवायचं! येत्या गुरुवारी मी फेरी मारणार, मुदत बारा वाजेपर्यंत. प्रत्येक टेबलाने एका तरी ग्राहकाचं एक काम केलेलं दाखवायचं. नाही दाखवलं तर टेबल बंद, माणूस पॅकिंगला."

गुरुवारी नवमी होती. आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मॅडमना सांगायला कोणी गेलं नाही.

"मॅडमना माहीत नसेल होय?" फोरमन मादप्पा म्हणाला. "म्हैसुरात जन्मल्यात त्या. काहीतरी मनात धरूनच वार काढला असणार."

बुधवारी संध्याकाळी मादप्पाने यंत्रं धुतली, कॉम्प्युटर पुसले, श्रीकंठय्यांचे पेन, शिक्का आणि डिंकाची बाटलीसुद्धा पूजेत नेली. शेवटी धोरणाच्या प्रती उचलल्या.

"अहो, ती पुस्तकं कशाला?" श्रीकंठय्यांनी विचारलं.

"सगळ्यात मोठं हत्यार ना, अय्या? मग सगळ्यात मोठा हार त्यालाच," मादप्पा म्हणाला. श्रीकंठय्यांना सगळे 'अय्या'च म्हणत.

गुरुवारी सिंचना आली तेव्हा कारखाना झेंडूत बुडाला होता आणि माणसं चुरमुरे-डाळं खात उभी होती.

"कामं कुठायत?"

"आज हत्याराला हात लावायचा नाही, मॅडम," मादप्पा म्हणाला.

"मग काल काय केलं?"

"पूजेची तयारी."

"आणि परवा?"

"परवा तुमचं पुस्तक वाचत होतो. बेचाळीस पानं आहेत, मॅडम."

"आणा ते पुस्तक! त्यात काय लिहिलंय ते दाखवते." तिने हात पुढे केला.

"मॅडम!" सगळा कारखाना एका सुरात ओरडला. हारावरून तिचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. नऊ वर्षांत लहानपण काही पुसलं गेलं नव्हतं.

ती श्रीकंठय्यांकडे वळली. "सर, तुमचं टेबल?"

श्रीकंठय्यांना घाम फुटला. तो पुसताना कानामागची बोटभर पेन्सिल खाली पडली.

"अय्यो! ही पूजेत दिलीच नाही?" मादप्पा म्हणाला.

"चुकलं हो. कानावर आहे हेच विसरलो."

"म्हणजे हिची पूजा झालेली नाही," सिंचना सावकाश म्हणाली. "मग ही चालते. लिहा! बाराला सहा मिनिटं आहेत. उत्तराचं पोस्टकार्ड टपालपेटीत पडलं, की खुर्ची तुमची."

खणातून जलजाक्षम्मांचं पत्र निघालं आणि एक कोरं पोस्टकार्डही निघालं. पेन्सिलीचं रबर केव्हाच झिजलं होतं. खोडायची सोय नव्हती. 'आदरणीय' आणि 'माननीय' दोन्ही राहिले.

"जलजाक्षम्मांना नमस्कार. खालचं भांडं गरम पाण्यात धरा, वरच्यात गार पाणी ओता. लगेच सुटेल. मात्र शेषगिरी यायला हवे असतील, तर हे कार्ड फाडून टाका."

सिंचनाने वाचलं आणि तिला हसू फुटलं. "हे शेवटचं माझ्या बेचाळीस पानांत नव्हतं, सर."

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पण टपालवाल्यांनीही आयुधपूजा केली होती. पेटीच्या तोंडावर झेंडूचा जाड हार लोंबत होता. श्रीकंठय्या थबकले. मागे फाटकाशी सगळा कारखाना जमला होता.

"हाराला हात लावू नका हां, अय्या!" मादप्पा ओरडला.

"हात कशाला लावू?" श्रीकंठय्या म्हणाले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्या टोकाने हार अलगद उचलला आणि कार्ड आत सोडलं.