गावंडे सरांच्या चार पट्ट्या

गावंडे सर ब्रेक लावताना हसतात. वेग वाढवण्याची वेळ आली, की मात्र त्यांच्या मुद्रेवर एक सौम्य दुःख पसरते.

अमरावतीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गणित शिकवते, तेथे ते विद्युत विभागात आहेत आणि विद्यार्थ्यांनी बांधलेल्या हायब्रिड रेसगाडीचे मार्गदर्शकही. त्या गाडीत पेट्रोलचे इंजिन आहे आणि बॅटरीवर चालणारी मोटारही. ब्रेक लावला की चाकांच्या गतीतून वीज निर्माण होऊन बॅटरीत साठते. ती नेमकी कुठे खर्च करायची, एवढाच सरांचा प्रांत. गाडी कितवी येते, याची त्यांना फारशी उत्सुकता नसते.

सरावाच्या वेळी ते मैदानाच्या कडेला, डोक्याला दुपट्टा बांधून, मांडीवर वळणांचा नकाशा घेऊन बसतात. वळणातून बाहेर पडताना गाडी मंद असते, तेव्हा वीज द्यावी. सरळ रस्त्याच्या शेवटी दिलेली वीज समोरची हवाच खाऊन टाकते, हा त्यांचा सिद्धान्त. बाकी सर्व ठिकाणी एकच आज्ञा : "राखून ठेव." विभागाच्या सभेतही ते पहिला अर्धा तास स्वतःला राखून ठेवतात. इतरांचे घसे बसले, की एकच वाक्य बोलतात, आणि ठराव मंजूर होतो.

मागच्या स्पर्धेत गाडी चालवणारी वैष्णवी त्यांच्यावर चिडली होती. "सर, तीन गाड्या मले मांगं टाकून गेल्या, आन् तुमी म्हणता राखून ठेव!"

"त्यातल्या दोन शेवटच्या फेरीत कुठी होत्या?" सरांनी शांतपणे विचारले.

त्या दोन्ही गाड्यांची बॅटरी संपली होती. वैष्णवी पाचवी आली. सरांनी निकालाआधी बॅटरी पाहिली. ती पूर्ण रिकामी निघाल्यामुळे ते दिवसभर प्रसन्न होते. शर्यत संपल्यावर उरलेली वीज म्हणजे न वापरलेली वीज, असे ते वर्गात बजावतात.

म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या गाडीचे कोडे मला उलगडत नसे. तीही हायब्रिडच. माझे सासर अकोल्याचे आणि सरांचे घरही तिथलेच, म्हणून दर शनिवारी ते मला सोबत नेतात. मूर्तिजापूर मागे पडले की एसी बंद. अकोल्यात शिरताना गाडीतल्या पडद्यावर बॅटरीच्या चार पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. प्रवास संपत आला असताना हा साठा कशासाठी? विसंगती मला सहन होत नाही. परंतु विचारण्याचे धैर्य दोन वर्षांत झाले नाही.

गेल्या मे महिन्यात बोरगाव मंजूजवळ ट्रक आडवा झाला आणि वाहतूक तासभर खोळंबली. मला गरगरू लागले. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि एसी लावला. उभ्या गाडीत पट्ट्या उतरू लागल्या : चार, तीन, दोन. बंद करा, असे मी म्हणाले.

"राहू द्या, मॅडम. चेहरा पाहा तुमचा."

अकोल्यात शिरलो तेव्हा एकच पट्टी उरली होती आणि ऊन उतरले होते. सरांच्या आईच्या औषधाची वेळ टळत होती, म्हणून ते प्रथम स्वतःच्या घराकडे वळले. गल्लीच्या तोंडाशी मात्र त्यांनी गाडी थांबवली. घर पार दुसऱ्या टोकाला होते.

"गाडी आत जात नाही का?" अखेर मी विचारले.

"जाते. पण नुसत्या बॅटरीवर, एका पट्टीत दारापर्यंत नाई पोचत. मंधातच इंजिन सुरू होईन."

"मग होऊ द्या की."

त्यांनी औषधांची पिशवी उचलली. त्यांचे वडील जाऊन सहा वर्षे झाली होती, हे मला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते.

"आमची गल्ली बंद हाये, मॅडम. दुसरी गाडी आत येतच नाई; आंधी बाबांची तेवढी येत जाय. इंजिनचा आवाज आला का आईले वाटते, बाबा आले. मंग आई केस नीट करते, चहाचं आधण ठेवते, दारात येते." त्यांनी गाडीचे दार उघडले. "आन् दारात मी असतो."

ते गल्लीतून झपाझप चालत गेले. उशीर झाला होता, तरी फाटकापाशी पोहोचल्यावर त्यांची गती मंदावली. फाटकाची कडी त्यांनी दोन्ही हातांनी, अलगद उचलली.