डब्याएवढा कॉम्प्युटर

दुकानातून आयता कॉम्प्युटर आणणाऱ्यांची मला कीव येते! मी स्वतः जुळवला. तोही जेवणाच्या डब्याएवढा! हॉल आणि आईच्या स्वयंपाकघराच्या मधल्या खिडकीत ठेवून पुढे स्क्रीन उभा केला, की डबा दिसतसुद्धा नाही. ‘कॉम्प्युटर कुठाय?’ असं पाहुण्यांनी विचारावं, म्हणून तर सगळा खटाटोप!

माझी बायको वर्षाराणी पैंजणांची डिझाइनं करते. हुपरीचे चांदीचे व्यापारी रामलिंगशेठ त्या संध्याकाळी तिचं पहिलंवहिलं डिझाइन बघायला येणार होते. पसंत पडलं तर दिवाळीची अख्खी ऑर्डर तिची! दुपारी तिनं स्क्रीनवर पैंजण फिरवून बघितलं आणि अर्ध्या गिरकीतच स्क्रीन काळा!

“तापलाय! कूलिंगची टेस्ट घेतो. पाच मिनिटांचं काम!”

“मिक्सर बी पाच मिनिटांतच दुरुस्त केलता. अजून पोत्यात हाय त्यो!”

मी डबा टेबलावर आणला, टेस्ट लावली. एकदम गार! परत खिडकीत ठेवला, तर चहा उकळावा तसा तापला!

मित्र अमरसिंह फोनवर ओरडला, “प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळली असंल. बदल की!”

बदलली. टेबलावर गार, खिडकीत गरम! पंखा उलटा बसवला, परत सुलटा बसवला. टेबलावर गार, खिडकीत गरम! शेवटी मी जाहीर केलं, “खिडकीची दिशाच चुकलीय!”

“मग टेबलावरच ऱ्हाऊ दे की वो!”

“आणि लपणार कसा? मग लहान बनवलाच कशाला?”

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझी ऑर्डर गेली तर ह्याच डब्यात जेवाय वाढीन तुमास्नी!”

मला खरंच वाईट वाटलं. पण डबा खिडकीतच ठेवला. तेवढ्यात बेल वाजली.

रामलिंगशेठ बसले, इकडेतिकडे बघितलं. “पावणं, कॉम्प्युटर कुठं हाय वो?”

अहाहा! मी टम्म फुगलो. “मागं लपलाय, शेठ!”

पैंजण फिरू लागलं. शेठ खुर्चीत पुढे सरकले आणि स्क्रीन काळा!

मी चिडून स्क्रीन बाजूला ओढला. डब्याच्या वरच्या हवेच्या जाळीवर स्टीलची ताटली, ताटलीत ओल्या फडक्यातलं गाठोडं आणि त्यावर घडी घातलेला टॉवेल!

“आई!!”

खिडकीपलीकडे आईचं डोकं उगवलं. “वराडतोस कशाला? मटकी हाय उद्याच्या मिसळीची. मोड यायला ऊब नको व्हय? लई गुणाचा हाय तुझा डबा!”

“अगं, मी उचलायला आलो तेव्हा कुठं होती ही?”

“तू आलास की काढून घेत हुते. तुझ्या कामात खोडा नको म्हणून!”

गाठोडं उतरलं आणि पैंजण शेठना चक्कर येईपर्यंत फिरलं! ऑर्डर वर्षाराणीला मिळाली. जाताना शेठनी फडकं उघडून मटकी बघितली. “मोड झक्कास आल्यात!” माझ्या कॉम्प्युटरबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आता वर्षाराणीच्या हुकमावरून डबा टेबलावर उघड्यावर असतो आणि गारच असतो. पुढच्या शनिवारी आईनं गाठोडं त्याच्या शेजारी ठेवून बघितलं. मोडांचा पत्ता नाही! मग ती शेजारच्या हिराबाईंना सांगत होती, “चांगला चालत हुता वो. ह्यानं उघडून बिघडवला!”

आणि वर्षाराणी मान डोलावत होती!