कोणापासून लपवायचंय?

गंगेवर माझ्याइतकी माणसं ओळखणारा दुसरा कोणी नाही. फक्त ज्याच्या मांडीला मांडी लावून बारा वर्षं बसलो, तो दगूनाना मला कळला नाही, तेवढा एक सोडून द्या.

गंगा म्हणजे गोदावरी. आम्ही नाशिकवाले तिला गंगाच म्हणतो. रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर मी प्लॅस्टिकचे कॅन विकतो, लोक त्यात तीर्थ भरून घरी नेतात. शाळा तिसरीत सुटली. मी सोडली असं मी सांगतो, मास्तर वेगळं सांगायचे. माझ्या शेजारी दगूनाना गोंदायला बसतो. देवळा तालुक्यातला माणूस, साठीच्या पुढचा. बॅटरीवरचं मशीन, शाईच्या बाटल्या, नव्या सुयांची पाकिटं आणि नमुन्यांचा एक मळका बोर्ड, एवढाच पसारा.

दुसरे गोंदणारे गिऱ्हाईक आलं की विचारतात, काय काढू. नाना ते विचारतच नाही. चष्म्यावरून एकदा खालून वर बघतो आणि म्हणतो, "कोणापासून लपवायचंय?"

अर्धी गिऱ्हाइकं तिथंच गडबडतात. काही उठून जातात. नानाला त्याचं काही नाही. त्याचं म्हणणं एकच, "चित्र कोणी पण काढंल. जागा सापडाय पाहिजे." काढणार ते पण वाटाण्याएवढं, फार तर शेंगदाण्याएवढं. कोणी छातीभर वाघ मागितला की मशीन बंद करून पान खायला निघून जातो.

एकदा एक कॉलेजची मुलगी आली. कानामागं चिमणी पाहिजे, आईला दिसायला नको. नानानं विचारलं, आई डोक्याला तेल लावते का. रविवारी लावते म्हणाली. "मग कान बाद." पायाच्या घोट्यावर म्हणाली, तर पैंजणामुळं सगळ्यांची नजर तिथंच जाते म्हणाला. बोटांच्या बेचक्यात म्हणाली, तर तिथं शाई टिकत नाही, भांडी घासून दोन महिन्यांत उडंल. अर्धा तास असं चाललं. मी मध्येच म्हणलं, ताई, जिभेवर काढा, आईसमोर तोंड उघडू नका. ती हसली, नाना हसला नाही. शेवटी दंडाच्या आतल्या अंगाला, बाही संपते तिच्या दोन बोटं वर जागा सापडली. मैत्रिणीनं ओढणीचा आडोसा धरला आणि मुंगीएवढी चिमणी बसली.

घाटावर पूजा सांगणारा एक तरुण आहे. त्याला गिटार पाहिजे होती आणि ती बापापासून लपवायची होती. बाप रोज शेजारच्या पाटावर. दोघं सोवळं नेसून उघड्या अंगानं बसणार. पाठ, पोट, दंड, सगळं यजमानांच्या डोळ्यांपुढं. नाना दोन दिवस ह्याच विचारात. भाकरी मोडताना पण स्वतःशीच मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मांडी. गुडघ्याच्या वर चार बोटं." तो पोरगा आजही संकल्प सांगता सांगता सोवळ्यावरून मांडी खाजवतो, तेव्हा अख्ख्या घाटावर मला एकट्याला हसू येतं.

भरतीची तयारी करणाऱ्या एकाला मात्र नानानं परत पाठवलं. तिथं उघडं करून तपासतात म्हणे. "तुझ्या अंगावर जागाच नाय रे बाबा. मनात ठेव."

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगतो. एकोणीस वर्षांचा असताना जत्रेत मी हातावर नाव गोंदून घेतलं, सुनंदा. कोपरापासून मनगटापर्यंत. सुनंदाला ते दाखवायला गेलो तर ती म्हणाली, तुम्ही कोण. पुढं माझं लग्न झालं ते अलकाशी. तेव्हापासून वैशाखात पण मी फुल बाह्यांचा शर्ट घालतो. नानाला पहिल्या दिवशी हात दाखवला. त्यानं चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाला, "हे गोंदण नाय बाळू. ही दुकानाची पाटी हाय."

असा हा माणूस. पण एक गोष्ट मी बघून ठेवली होती. "कोणापासून" ह्याला एखाद्या पोरीनं "वडलांपासून" असं उत्तर दिलं की नानाचं बोलणं बंद व्हायचं. जागा शोधायला दुप्पट वेळ घ्यायचा. तिला हात वर करायला लावायचा, वाकायला, ताट वाढल्यासारखं करायला लावायचा. प्रत्येक बाजूनं बापाच्या नजरेनं बघायचा. मी चिडवायचो, नाना, एक दिवस ह्यांचे बाप मोर्चा घेऊन येतील. तो नुसती वायर गुंडाळायचा.

पंचवटीत एका खोलीत तो एकटा राहतो. स्वयंपाक हातानं. घरचं कोणाचं नाव कधी काढलं नाही. मी ठरवून टाकलं, सडाफटिंग आहे. विचारायची गरजच नाही, मी माणसं ओळखतो ना.

गेल्या थंडीत एका दुपारी नाना जेवायला खोलीवर गेला होता. एक बाई आली. पस्तिशीची असेल. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, चांगल्या चार बोटं रुंद पट्ट्याचं. म्हणाली, "गोंदणारे इथंच बसतात ना?"

नाना येईपर्यंत बसा, एवढं म्हणलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण ऐकणारं माणूस दिसलं की माझ्या अंगात येतं. मी नानाच्या जागेवर बसलो, त्याचा जुना चष्मा नाकावर लावला, खालून वर बघितलं आणि त्याच्याच आवाजात विचारलं, "कोणापासून लपवायचंय?"

ती जराशी हसली. म्हणाली, "वडलांपासून."

मग तर मी सुटलोच. म्हणलं, ताई, वडलांपासून असंल तर नाना लय जीव लावून गोंदतो. का ते देवाला माहीत. त्याला पोर नाही, बाळ नाही, बापाचं काळीज त्याला काय कळणार.

"असं ते सांगतात?"

सांगत कधीच नव्हता. पण गोष्ट रंगात आली होती. मी म्हणलं, "रोज सांगतो. मला पोर नाही म्हणतो."

ती मशीनजवळ वाकली. वायरीला एका जागी चिकटपट्टी लावलेली आहे, तिथं बोट फिरवलं. मग घड्याळाचा पट्टा घट्ट केला आणि "बरं" म्हणून पायऱ्या चढून गेली. कॅनसुद्धा घेतला नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

नाना आला तेव्हा मी त्याला सगळं करून दाखवलं, चष्म्यासकट. मला वाटलं, हसेल.

त्यानं विचारलं, "पट्टा कोणत्या हाताला?"

डाव्या, म्हणलं.

नाना अनवाणीच पायऱ्या चढून पळाला. साठीचा माणूस, एका दमात वर. तिन्हीसांजेला परत आला तेव्हा पायाला चिखल होता. सगळे रिक्षा स्टँड पालथे घातले होते. बसला. पाणी दिलं ते घेतलं नाही. मग बोटानं पायरीवरची धूळ सारखी करत, माझ्याकडं न बघता सांगितलं. त्याला एक मुलगी, रंजना. एकोणीस वर्षांची असताना बापाच्याच मशीनवर तिनं डाव्या मनगटावर एका पोराच्या नावाचं अक्षर काढून घेतलं होतं. एवढंसं. सकाळी भाकरी वाढताना बांगड्या मागं सरकल्या आणि नानाला दिसलं. कॉलेज बंद केलं, आठ दिवसांत स्थळ बघितलं. ती त्या पोराबरोबर निघून गेली. महिन्यानं दोघं पाया पडायला दारात आले, तर नानानं आतूनच कडी लावली.

"कडी लावून मी आतून बोललो, मला पोर नाय," नाना म्हणाला. "सोळा वर्षं झाली. आज तू तेच बोलला."

घरी जाऊन अलकाला सांगितलं, तर तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि उठून दुसऱ्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहायला लागलो. वरून उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं डावं मनगट बघायचं. दोघींनी शिव्या घातल्या, एकीच्या नवऱ्यानं गचांडी धरली. ती काही आली नाही.

आठवड्यानं नाना बसला होता तो डावी बाही कोपरापर्यंत दुमडून. हात आतल्या बाजूनं सुजलेला, लाल. त्यावर अक्षरं होती, कोपरापासून मनगटापर्यंत. मला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावलं तेव्हा झालं, रंजना. वाटाण्याएवढं काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं हे काढलं होतं, आणि हात मांडीवर असा उताणा ठेवला होता की पायऱ्या उतरतानाच दिसावा.

मी म्हणलं, "नाना, ही तर दुकानाची पाटी झाली."

"पाटीच हाय," तो म्हणाला.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोललो. म्हणलं, नाना, तू काळजी करू नको. तू जेवायला जात जा, मी बसतो इथं. पुढच्या वेळी ती आली की मी बरोबर ओळखीन. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

नानानं पायऱ्यांवरची नजर काढली नाही.

"बाळू," तो म्हणाला, "तू कॅन वीक."