साळोख्यांच्या घरचे पाचशे बारा विजय

प्रशिक्षक दिनकर साळोखे यांचे पाचशे बारा विजय त्यांच्या घरीच राहायला होते. अमेरिकेत इंडियाना राज्यात हार्लन फॉल्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथं कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. संघानं सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो विजय चालत दारात येई, पायपुसण्यावर बूट पुसून आत शिरे आणि कायमचा राही. कॉलेज फुटबॉलमध्ये ही रीत सगळीकडेच होती. उत्तरेकडच्या एका नामांकित प्रशिक्षकानं आपल्या सातशे विजयांसाठी बंद पडलेली शाळा घेतली होती. दुसऱ्या एकानं निवृत्त होताना निम्मे विजय थोरल्या मुलाकडे, निम्मे धाकट्याकडे ठेवले होते. साळोख्यांना असलं काही करावं लागलं नव्हतं, कारण त्यांच्या घरी शालनताई होत्या.

दिनकर मूळचे कोल्हापूरचे, तालमीच्या संघातून डावीकडून खेळणारे. शिकायला म्हणून आले आणि इथंच राहिले. इथले लोक या खेळाला सॉकर म्हणतात. दिनकर मात्र चौतीस वर्षं फुटबॉलच म्हणत आले. पहिल्या मोसमात त्यांचा संघ सलग नऊ सामने हरला. तेव्हा शालनताई नव्यानं लग्न होऊन आलेल्या होत्या, घर रिकामं होतं, आणि बाहेर बर्फ. दहाव्या सामन्यानंतरच्या सकाळी बेल वाजली. दारात एक काटकुळा, थंडीनं कुडकुडणारा विजय उभा होता. एक–शून्य असा. गोलही साळोख्यांच्या संघानं केलेला नव्हता. समोरच्या खेळाडूनं चुकून आपल्याच जाळ्यात मारला होता. शालनताईंनी त्याला चहा दिला. विजय जेवत नाहीत, चहा मात्र घेतात.

मग ते येतच राहिले. शालनताईंना ते स्वभावानिशी ठाऊक झाले. पाच–शून्य, सहा–शून्य असे विजय अंगानं भरलेले आणि आळशी. सोफा अडवून पडत. पिछाडीवरून खेचून आणलेले तीन–दोन रोज उशिरा उठत, पण कामाला वाघ. परगावी मिळवलेले विजय चिखलाचे बूट घेऊन येत, म्हणून त्यांची सोय गॅरेजमध्ये होती. तो पहिला एक–शून्य मात्र त्यांचा उजवा हात झाला होता. त्या भाजी चिरत तेव्हा तो शेजारी उभा राहून साली गोळा करी. दिनकर मोसमात महिनोन्‌महिने बाहेर असत, आणि त्या काळात बाई मनातलं जे काही बोलल्या ते बहुतेक त्याच्याशीच.

शेवटच्या मोसमात संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामन्याला नऊ दिवस राहिले असताना नगर परिषदेचे निवास अधिकारी डेल्बर्ट क्रुक्शँक घरी आले. माणूस सभ्य होता. त्यांनी बूट दाराशी काढले आणि विजयांना रांगेत उभं राहण्याची विनंती केली. एक तीन–दोन सारखा मागून पुढे येत होता, त्यामुळे मोजणी दोनदा करावी लागली. पाचशे बाराच भरले. घराच्या क्षेत्रफळाला पाचशे बारांचीच परवानगी होती, म्हणजे आजपर्यंत सगळं नियमाप्रमाणे होतं. पण यापुढे एक जरी विजय वाढला तर जो सगळ्यांत जुना, त्याला जिल्ह्याच्या गोदामात जावं लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोदाम कोरडं आणि स्वच्छ आहे, तिथल्या विजयांच्या तक्रारी नाहीत, असंही ते म्हणाले.

तिथं चहा मिळतो का, असं शालनताईंनी विचारलं. क्रुक्शँकांनी कागद चाळले आणि तशी तरतूद नसल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक–शून्यानं आपलं अंथरूण घडी करून दाराशी ठेवलं. शालनताईंनी ते उचलून परत जागेवर टाकलं. त्यानं पुन्हा आणून ठेवलं. असं चार दिवस चाललं.

निघायच्या सकाळी दिनकर स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत त्यांनी सामन्याबद्दल बायकोला कधी काही विचारलं नव्हतं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"शालन, काय करू सांग," ते म्हणाले.

"अहो, काय करू म्हणजे? जिंकायला जाताय ना? जिंकूनच या. घराचं मी बघते."

"आणि ह्याचं?" त्यांनी एक–शून्याकडे बोट केलं.

"त्याला घेऊन जायला जो येईल, त्याला माझ्याशी बोलावं लागेल."

दिनकरांनी मान हलवली. त्यांना बायकोचा आवाज ओळखता येत होता. त्या आवाजापुढे कोल्हापुरात सासऱ्यांचंही काही चाललं नव्हतं.

अंतिम सामना रविवारी दुपारी कॅरोलायनात होता. समोरचा संघ प्रशिक्षक ब्रॅनिगन यांचा. त्यांचे विजय सहाशेच्या वर, आणि वीस वर्षांची दोघांची चुरस. शालनताईंनी सामना टीव्हीवर पाहिला. मागं पाचशे बारा जण श्वास रोखून उभे होते. एक–एक झाले, जादा वेळ झाला, तरी एक–एकच. शेवटी पेनल्टी किकवर साळोख्यांचा गोलरक्षक उजवीकडे झेपावला आणि चषक हार्लन फॉल्सचा झाला. घरात जल्लोष झाला. एक–शून्यही नाचला, आणि मग जाऊन अंथरुणापाशी बसला.

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी सकाळी अकराला दिनकर आणि क्रुक्शँक एकाच वेळी दाराशी पोचले, आणि त्यांच्या मागोमाग, दोन्ही हातांनी चषक सांभाळत, ती आली. विजय नव्हता तो. बरोबरी होती.

कॉलेज फुटबॉलचा नियमच तसा आहे. पेनल्टी किकनं चषक कोणाचा ते ठरतं, पण सामना कागदोपत्री बरोबरीतच धरला जातो. एरवी बरोबऱ्या मैदानावरच थांबत आणि सोमवारपर्यंत कुठं तरी निघून जात. हिच्या हातात चषक होता, तो पोचवणं तिला भाग होतं.

क्रुक्शँक ओसरीच्या पायरीवर बसून नियमावली सुरुवातीपासून वाचू लागले. शालनताईंनी त्यांना चहा दिला, बरोबरीलाही दिला. अर्ध्या तासानं ते उठले.

"मिसेस साळोखे, मर्यादा विजयांना आहे आणि कायम राहणाऱ्यांना आहे," ते म्हणाले. "बरोबरीचा उल्लेख कुठं नाही. पण ती दोन्ही प्रशिक्षकांची असते. वर्षभर एकाच घरी ठेवता येणार नाही."

"तिला वर्षभर डांबून ठेवणार कोण?" शालनताई म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच ब्रॅनिगनांच्या पत्नीला, लोरेनबाईंना, फोन लावला. दोघींची याआधी कधी गाठ पडली नव्हती. पाऊण तास बोलणं झालं. डिसेंबर ते मे इकडे, जून ते नोव्हेंबर तिकडे, असं ठरलं. लोरेनबाईंनी ती काय घेते, तिला उजेड लागतो का, हे विचारलं. शालनताईंनी सांगितलं, चहा कमी साखरेचा, आणि सामन्याचं तिला काही विचारू नका, ती दोन्ही बाजूंनी सांगत बसते.

पाचशे बारा होते, पाचशे बाराच राहिले. दिनकर निवृत्त झाले आणि त्यांनी बागेत वाफे घातले. लग्न होऊन गेलेल्या मुलीची खोली शालनताईंनी विजयांना कधी दिली नव्हती, तिथं सहा महिने बरोबरी राहिली. इतक्या सगळ्या पुरुषांत एक बाईमाणूस आलं याचं शालनताईंना मोठं सुख झालं. दुपारी दोघी शेंगा सोलत बसत.

एक जूनला लोरेनबाई स्वतः अकरा तास गाडी चालवून तिला न्यायला आल्या. शालनताईंनी बरोबरीला पाटावर बसवून तिची ओटी भरली. नारळाचं काय करायचं असतं, हे लोरेनबाईंनी नीट विचारून घेतलं. मग बरोबरी मागच्या सीटवर बसली, आणि गाडी सुरू होईपर्यंत दोघींकडे सारखीच बघत राहिली.