सत्तारचाचांच्या कॉम्प्युटरमधला पाहुणा

सत्तारचाचा कॉम्प्युटरला अहोजाहो करतात. चालू करताना "उठा आता, उजाडलं," आणि बंद करताना "निवांत बसा, येतो मी." माणसांचं ठीक आहे हो, पण दुकानात शिरलेल्या शेळीलासुद्धा "बाहेर व्हा बरं" म्हणणारा माणूस मी अख्ख्या येरमाळ्यात दुसरा बघितला नाही. शेळी आधी कागद खाते आणि मग सावकाश बाहेर होते.

हायवेला आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. माझं झेरॉक्सचं, त्यांचं लग्नपत्रिकांचं. पूर्वी चाचा ब्रशनं पाट्या रंगवायचे, आता तोच हात माउसवर. गिऱ्हाईक काही सांगायला आलं की चाचांचं बोलणं ठरलेलं, "हक्कानं सांगा!"

तर या कॉम्प्युटरात एकाच्या जागी दोन सिस्टिम नांदत होत्या. विंडोज होतीच. चाचांच्या लेकीनं, शबानानं, कॉलेजात असताना शिकायला म्हणून विंडोजशेजारीच लिनक्स बसवली. शबाना लग्न होऊन सोलापूरला गेली, लिनक्स मागं राहिली. रोज सकाळी काळा पडदा यायचा, दोघींपैकी कोण पाहिजे असं विचारायचा आणि दहा सेकंद थांबायचा. तेवढ्यात उत्तर आलं नाही की आपल्या मनानं लिनक्स उघडायचा. आता चाचा काय घाईनं बटण दाबणार? आधी सलाम, मग "आज विंडोजला येऊ द्या, मेहेरबानी." तोवर लिनक्स हजर! पत्रिकेचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये. परत बंद, परत चालू, परत सलाम. भिंतीपलीकडून ऐकून डोकं माझं फिरायचं.

"चाचा, काढून टाकू का ती?"

"घरात आलेल्या पाहुण्याला जा म्हनायचं? न्हाय जमायचं, बापू."

पण ऐन लग्नसराईत डिस्क गच्च भरली. एका मुलीची पत्रिका सेव्हच होईना. मुलीचे वडील बाकड्यावर बसलेले. "चाचा, पहिली पत्रिका आज येडाईच्या देवळात ठेवायची हाय, समदी गाडी भरून थांबल्यात." चाचांनी आजवर कुणाची पत्रिका चुकवली नव्हती. त्यांनी थेट शबानाला फोन लावला, तर ती म्हणाली, त्यात माझं काहीच नाही, खुशाल काढा.

"काढा बापू," चाचा म्हणाले. "पर इज्जतीनं."

इज्जतीनं म्हणजे कसं, तर चाचा समोरच्या दुकानातून टॉवेल-टोपी घेऊन आले. आपल्याकडं पाहुण्याला तसाच धाडत नाहीत, कबूल. पण कॉम्प्युटरला? टोपी मॉनिटरवर चढवली, टॉवेल खालच्या सीपीयूच्या डब्याला छान गुंडाळला. मुलीच्या वडिलांनी तर हातच जोडले! या सोहळ्यात मी असा वाहवत गेलो की, मुख्य काम राहिलं. चालू झाल्यावर थेट विंडोज उघडेल अशी सोय आधी करायची, लिनक्स मग काढायची. मी सोय केलीच नाही, लिनक्सचा कप्पा उडवून मोकळा झालो. मोकळी झालेली जागा विंडोजला जोडायला घेतली, तर डबा घरघरला आणि ठप्प. टॉवेलनं त्याचा श्वासच कोंडला होता.

टॉवेल सोडला, डबा गार होऊ दिला, चालू केला. काळा पडदा. त्यावर इंग्रजीत 'रेस्क्यू'. म्हणजे वाचवा.

"पाहुना नाराज होऊन गेला," चाचा हळूच म्हणाले.

"चाचा, तुमच्या पाया पडतो, गप बसा!" मी डबा परत चालू केला, परत तोच पडदा. मुलीचे वडील तर बाकड्यावरून उठून उभेच राहिले.

मग डोकं चाललं. चालू होता होता बटण दाबत राहिलो आणि थेट मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये घुसलो. तिथं विंडोज बिचारी दुसऱ्या नंबरवर गप उभी होती. तिला वर घेतलं, सेव्ह केलं, आणि काय सांगू! उघडली की हो! ना काळा पडदा, ना विचारपूस. जागा जोडली, पत्रिका सेव्ह झाली, झकास छापून आली. मुलीच्या वडिलांनी मॉनिटरवरची टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, चाचांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. येडाईला जाणारी गाडी हॉर्न वाजवत निघाली आणि मी तसाच टोपी घालून दिवसभर झेरॉक्स काढत बसलो. येईल त्याला पराक्रम सांगितला, न विचारतासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज नाही. जाऊन बघतो, तर विंडोज उघडलेली आणि चाचा हात मांडीवर ठेवून बसलेले.

"बिघडलं का काय?"

"न्हाय न्हाय, लई झ्याक चालतंय. बसल्या बसल्या उघडलं." चाचांनी पडद्याकडं बघितलं. "काय इचारलंच न्हाय त्यांनी."

मला कळेना. मग तेच म्हणाले, "तुमची चाची गेली, शबाना सासरी गेली. सकाळी उठल्यावर तुमाला काय पायजे म्हनून इचारनारं तेवढंच राहिलं व्हतं, बापू."

एवढी वर्षं भिंतीला कान लावून होतो आणि मला वाटायचं, चाचांना बटण दाबायला जमत नाही.

आता रोज सकाळी शटर उघडलं की, मी आधी त्यांच्या दारात जातो. "चाचा, हक्कानं सांगा. चहा का कॉफी?"

चाचा डोळे मिटून विचार करतात. मी थांबतो. मग म्हणतात, "आज चहाच होऊ द्या."

समोरच्या हॉटेलात कॉफी मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.