चौसष्ट तिटा

तोलेगेनने नवं घर घेतलं आणि ताबा घेण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यायचं ठरवलं. तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा असला विचार त्याच्या डोक्यात आला याबद्दल त्याला फार बोल लावता येत नाही. बोल आम्हा शेजाऱ्यांनाच लावायला हवा. आम्ही त्याला वेळेवर आवरलं नाही.

त्याची निकड मात्र खरी होती. आमच्या इमारतीत तो तळमजल्यावर भाड्याने राहायचा आणि तिथल्या भिंतींना बारा महिने ओल. मुलगी नुरायीम सहा महिन्यांची, छाती सतत घरघरत असलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिवाळ्याआधी पोरीला कोरडी, ऊबदार खोली द्या, नुसत्या औषधाने भागणार नाही. आमच्या अस्तानात हिवाळा ऑक्टोबरातच दार ठोठावतो. तेव्हा नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत, अकराव्या मजल्यावर, तीन खोल्या. त्यातली पूर्वेची नुरायीमची.

घर तपासणार हे कळल्यावर तोलेगेनच्या मामांनी फोन केला. "अरे, नवी सून उंबरठ्यावर उभी असताना तिचे दात मोजतात का?"

"मामा, सुनेचे पैसे वीस वर्षं हप्त्याने फेडायचे नसतात."

"माझा संसार बघून बोल," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी वकिलाच्या ऑफिसात कागद टाईप करतो, म्हणून तोलेगेनने मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. तपासनीस होते ओरिनबेक. पन्नाशीचे, गंभीर, हातात पत्र्याची पेटी. पेटीत ओळंबा, पाणसळ, फरशी ठोकून बघायची काठी आणि भिंतीतून कुठे गारवा शिरतो ते दाखवणारा कॅमेरा. असा सुसज्ज माणूस पाहून तोलेगेनची बायको माक्पाल प्रथमच हसली. मुलगी तिच्या कडेवर होती.

अकराव्या मजल्यावर दार उघडंच होतं. दारात वाट अडवून कंपनीच्या दिनाराबाई उभ्या होत्या. त्या 'ताबा व आनंद विभागा'च्या प्रमुख. त्यांच्या एका हातात गोळ्या-मिठायांचं ताट, दुसऱ्या हातात ताबापावती. शेजारी खुर्चीवर एक अक्साकाल, म्हणजे मानाचे वडीलधारे, बसलेले, पांढरी दाढी छातीपर्यंत, अंगात नक्षीचा झगा. नाव झुमाबाय. कंपनीच्या पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'ज्येष्ठ, आशीर्वाद' असा आहे, हे मला नंतर कळलं.

ओरिनबेक उंबरठ्यापाशी आले आणि अडले. आमच्याकडे नवी सून, नवं बाळ, नवं घर पहिल्यांदा पाहिलं की पाहणाऱ्याने काहीतरी आहेर द्यायचा असतो. त्याला कोरिम्दिक म्हणतात. रिकाम्या हाताने बघितलं ते बघणंच नव्हे. ओरिनबेक हा माणूस रीत जाणणारा. त्यांनी पेटीतून ओळंब्याखालची चिनी मातीची किटली काढली आणि माक्पालच्या हातात दिली.

"कशाला हो एवढं?" माक्पाल म्हणाली.

"असू दे, पोरी. घर शुभ ठरो." एवढं बोलले आणि त्यांचा चेहरा पडला. ते तोलेगेनच्या कानाशी लागले. "घोटाळा झाला. आहेर दिला म्हणजे मी पाहुणा झालो. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीला नावं कशी ठेवायची?"

"मग बाहेर जा आणि तपासनीस म्हणून परत आत या!"

"पहिलं बघणं एकदाच होतं, गुरुजी. ते मी खर्ची घातलं."

तेवढ्यात झुमाबाय उठले. त्यांनी दोन्ही तळवे पसरले, आणि वडीलधाऱ्याने तळवे पसरल्यावर समोरच्याने पसरायचे नाहीत असा माणूस आमच्या देशात अजून जन्मलेला नाही. ओरिनबेकनी काठी आणि पाणसळ जमिनीवर ठेवली. "या छपराखाली कधी थंडी शिरू नये, या चुलीवरचा धूर सरळ वर जावो," असं अक्साकाल खणखणीत आवाजात म्हणाले. "औमिन," म्हणत आम्ही सर्वांनी तोंडावरून हात फिरवले. पाणसळीतला बुडबुडा तोवर एका टोकाला जाऊन बसला होता. दिनाराबाईंनी गोळ्या उधळल्या. एकूण एक गोळ्या घरंगळत पूर्वेच्या खोलीत गेल्या.

"आता सही," दिनाराबाई म्हणाल्या.

"आधी तपासणी," तोलेगेन म्हणाला.

"अवश्य. फक्त कलम सात वाचून घ्या."

मी मोठ्याने वाचलं. 'वास्तूस ज्येष्ठांचा आशीर्वाद लाभल्यानंतर तीत दोष आढळल्यास तो आशीर्वादापूर्वी निदर्शनास आणून द्यावा.'

"म्हणजे कधी?"

"आधी."

"आधी तर तुम्ही आत सोडत नव्हता!"

"आशीर्वाद नसलेल्या घरात पाऊल कसं टाकू देणार? कंपनीचेही काही संस्कार आहेत."

तरी ओरिनबेकनी काम केलं. पाहुणा म्हणून त्यांना तोंड उघडता येत नव्हतं, पण लिहायला हरकत नसावी, असा निर्णय त्यांनी स्वतःपुरता दिला. दोन तास ते चवड्यांवर चालत, भिंतींची क्षमा मागत मोजमाप घेत होते. त्यांचा अहवाल माझ्याकडे आहे. 'बैठकीची भिंत: आल्यागेल्याला लवून नमस्कार करते. न्हाणीघराचं दार: मोकळ्या मनाचं आहे, मिटत नाही. फरशी: संगीतप्रेमी कुटुंबास योग्य. गिलावा: प्रेमळ, हात लावताच अंगावर येतो.' अशा एकूण चौसष्ट नोंदी होत्या.

दिनाराबाईंनी यादी शांतपणे चाळली. "हे दोष नाहीत. या तिटा आहेत."

"काय आहेत?"

"तुमच्या मुलीच्या कपाळावर काजळी लावलीय ना? दृष्ट लागू नये म्हणून? मग इतक्या सुंदर घराला कुणाची लागली तर? कंपनी प्रत्येक घराला तीट लावूनच देते. त्याचे वेगळे पैसे घेत नाही."

"तीट एक असते, बाई! इथे चौसष्ट आहेत!"

"घर मोठं आहे ना."

तोलेगेन त्रेसष्ट सोडायला तयार झाला. त्याचं म्हणणं एवढंच की पूर्वेच्या खोलीतली खिडकी दुरुस्त करा. ओरिनबेकनी तिथे चौकट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पेन्सिल सारून पाहिली होती. पेन्सिल आत गेली ती गेलीच, आणि थोड्या वेळाने खालून पहारेकऱ्याची शिवी ऐकू आली. कॅमेऱ्यात ती सबंध भिंत निळी, म्हणजे गारठलेली, दिसत होती.

"ही एक फट बुजवा, लगेच सही करतो. इथे माझी मुलगी झोपणार आहे."

"नोंदवते की," दिनाराबाई म्हणाल्या. "फक्त त्यासाठी आधीचा आशीर्वाद मागे घ्यावा लागेल. तशी सोय आहे."

सोय अशी. आमच्याकडे आशीर्वाद मागे घ्यायची एकच रीत आहे. वडीलधारा तळवे उलटे करतो, हातांची पाठ वर करतो आणि तेच शब्द उलटे म्हणतो. आशीर्वादाला आम्ही बाता म्हणतो, म्हणून ही उलटी बाता. ती बापाचा घात केलेल्या मुलाला देतात. ती ज्या छपराखाली दिली जाते, तिथल्या सर्वांना लागते.

माक्पाल पुढे झाली आणि थेट झुमाबायांसमोर उभी राहिली. "आजोबा, तुमची नात असती तर या खोलीत निजवली असती का?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. दिनाराबाई फोनवर होत्या. "पोरी," ते हळूच म्हणाले, "मी शेजारच्याच इमारतीत राहतो. कंपनीनेच दिलीय जागा. चार वर्षं झाली, कातड्याची टोपी घालून झोपतो."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"कशी करू? घराला आशीर्वाद मीच दिला होता."

दिनाराबाई परतल्या. "काय ठरलं? बाता उलटी करायची?"

"करा," तोलेगेन म्हणाला. "असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी विज्ञान शिकवतो."

झुमाबाय उभे राहिले. त्यांनी तळवे पसरले, डोळे मिटले आणि सावकाश मनगटं फिरवायला सुरुवात केली. तळवे अर्धे वळले असतील नसतील तोच नुरायीम खोकली आणि तोलेगेनने झेप घेऊन म्हाताऱ्याची दोन्ही मनगटं धरली.

"थांबा! पेन कुठंय?"

सही झाली. साक्षीदार म्हणून मीही केली. मला त्याचा राग आला नाही. आला तो स्वतःचा, कारण त्याच्या आधी मीच धावायच्या बेतात होतो.

गृहप्रवेशाचं जेवण नोव्हेंबरच्या शेवटी झालं. बाहेर उणे चोवीस. आम्ही तीस जण आहेर घेऊन गेलो. मामा आले, ओरिनबेक आले, झुमाबायांना मानाची जागा दिली. पूर्वेच्या खोलीच्या फटीत तोलेगेनने दोन उश्या, एक सतरंजी आणि आठवीचा प्रश्नसंच कोंबला होता, तरी दाराचा पडदा आतल्या बाजूने हलत होता. प्रत्येक जण आत डोकावायचा, दाढा आवळायचा आणि म्हणायचा, "वा, काय ऊब आहे!" आम्ही सगळे कोट घालूनच जेवायला बसलो होतो.

मांसाचं ताट मांडून झाल्यावर माक्पाल मध्येच उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर होती. ती म्हणाली, "तुम्ही सगळे आपले आहात. उद्या आम्ही कंपनीवर अर्ज करणार आहोत. तीस साक्षीदारांनी सही केली तर त्यांना ऐकावं लागेल असं वकील म्हणाले. म्हणून खरं सांगा. गार लागतंय ना?"

सगळ्यांनी ताटांत माना घातल्या. ओरिनबेक किटलीकडे बघत राहिले. मग ती माझ्याकडे वळली. "सापार आगा, तुम्ही तरी."

भरल्या ताटावर बसून, पहिल्याच जेवणाला, यजमानीणबाईंच्या घराला गार म्हणायचं?

"छे छे, वहिनी," मी म्हणालो. "उलट उकडतंय." आणि ते पटावं म्हणून उठून कोट काढला.

मामांनी काढला. ओरिनबेकनी काढला. झुमाबायांनी झगा काढला, टोपी काढली. बघता बघता तीसच्या तीस कोट खुंट्यांवर लटकले आणि आम्ही सदऱ्यांवर, हसतमुखाने, दातांवर दात आपटत जेवू लागलो. माक्पालने एकदा आमच्याकडे पाहिलं, मग मुलीला आणखी एका शालीत गुंडाळलं.

तुम्ही तिथे असतात तर खरं बोलला असतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. एकतिसावी खुंटी रिकामीच होती. कोट द्या इकडे.